शिट्टी नसलेला कुकर

मराठी घरात कुकर कानांनी लावला जातो. "चार झाल्या की बंद कर गं," एवढं सांगून आई आंघोळीला जाते आणि पुढची जबाबदारी घरातल्या सगळ्या कानांवर पडते. हॉलमध्ये पेपर वाचणारे बाबाही नकळत मोजत असतात. ही तिसरी की चौथी, यावरून वादही होतात. अशा घरात विजेवर चालणारा, दहा-बारा बटणांचा, शिट्टी न देणारा कुकर येतो तेव्हा पहिला धक्का बसतो तो त्याच्या शांततेचा. बटण दाबलं, पडद्यावर 'ऑन' उमटलं आणि मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. चालू आहे की बंद? आत पाणी आहे ना? दोनदा बटणं उलटसुलट दाबून होतात, आणि महिनाभरात ते महागडं भांडं खोक्यात घालून माळ्यावर जातं.

या यंत्राची सवय होणं म्हणजे माझ्या मते एकच गोष्ट आहे: कानांनी मिळणाऱ्या खुणा सोडून डोळ्यांच्या आणि घड्याळाच्या खुणा शिकणं. रेसिपी त्यानंतर.

वाफ कोंडून अन्न शिजवण्याची कल्पना साडेतीनशे वर्षांची. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकानं १६७९ साली लंडनमध्ये हाडंसुद्धा मऊ करणारं बंद भांडं दाखवलं, आणि ते फुटू नये म्हणून त्याला जादा वाफ सोडणारी झडपही बसवली. १६८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याच भांड्यात शिजवलेलं जेवण वाढण्यात आलं. आपल्याकडे कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१०च्या सुमारास निखाऱ्यावर एकाच वेळी भात, डाळ आणि रस्सा शिजवणारा डब्याडब्यांचा 'इकमिक कुकर' काढला. तेव्हा एका भांड्यात चार कामं, ही हौस नवी नाही. मुंबईत हॉकिन्स सुरू झाली १९५९ साली. आणि आज ज्याच्या नावानं ही सगळी जात ओळखली जाते तो इन्स्टंट पॉट २०१०चा, कॅनडातला. तो काढणारे रॉबर्ट वँग हे संगणकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले. त्यांच्या कंपनीनं प्रेशर कुकरला मायक्रोप्रोसेसर जोडला. पुढे २०२३ मध्ये कंपनीला अमेरिकेत दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. भांडी मात्र लोकांच्या ओट्यावर चालूच आहेत.

आत घडतं काय? गॅसवरच्या कुकरात दाब साधारण १५ पाउंडांपर्यंत चढतो आणि पाणी १२१ अंशांच्या आसपास उकळतं. विजेच्या भांड्यात 'हाय'वरही दाब साडेअकरा पाउंडांच्या आसपासच थांबतो, म्हणजे ११६-११७ अंश. चार-पाच अंशांचा फरक किरकोळ वाटतो, पण तेवढ्यासाठी त्याच डाळीला थोडी जास्त मिनिटं लागतात. डेन्व्हरसारख्या १६०० मीटर उंचीवरच्या शहरात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी थोडी वाढवावी लागतात. तिथे बाहेरच्या हवेचाच दाब कमी असतो.

बटणांना घाबरण्याचं कारण नाही. 'राइस', 'बीन', 'सूप', 'मीट' ही बहुतेक एकाच कामाची वेगवेगळ्या मिनिटांची नावं आहेत. खरी कामं तीन-चार: दाबाखाली शिजवणं, झाकण न लावता परतणं, वाफवणं आणि गरम ठेवणं. मी तर म्हणेन, पहिले काही आठवडे फक्त 'प्रेशर' किंवा 'मॅन्युअल' हे बटण वापरावं आणि मिनिटं आपण घालावीत. बाकीची बटणं दुकानदाराला सांगायला बरी पडतात.

पण मिनिटं किती? इथेच आपलं अडतं, कारण आपला हिशोब शिट्ट्यांचा. आणि शिट्टी हे काही वेळेचं माप नव्हे. आच मोठी असली की भराभर येतात, कुकर अर्धा रिकामा असला की लवकर येतात, शेजारणीच्या तीन आपल्या पाच असतात. यावर सोपा उपाय आहे. जुना कुकर नेहमीसारखा लावायचा, पहिली शिट्टी झाल्यापासून गॅस बंद करेपर्यंत घड्याळ बघायचं आणि तो आकडा फ्रीजवर चिकटवायचा. नव्या भांड्यात त्याहून दोन-तीन मिनिटं जास्त. इतकं केलं की कुठल्याही पुस्तकापेक्षा आपल्या घरच्या डाळीला लागू पडणारा तक्ता तयार होतो.

सोबतच्या पुस्तिकेत बहुधा पहिलं काम म्हणून नुसतं पाणी उकळायला सांगितलेलं असतं आणि बहुतेक जण ते पान उलटून पुढे जातात. ते करावंच. दोन-तीन वाट्या पाणी, झाकण, वाफेची झडप बंद, दोन मिनिटं. मग समोर उभं राहून बघायचं. काही वेळानं झाकणावरच्या बारीक पिनेच्या भोवती पाण्याचे थेंब जमतात, ते फसफसतात, पिन थरथरते, तिच्या कडेनं वाफ फुसफुसते. आणि मग ती टचकन वर उचलली जाते, आवाज बंद. दाब धरला. पडद्यावरची मिनिटं यानंतर उलटी मोजली जातात. आधीची दहा-पंधरा मिनिटं त्यांत धरलेलीच नसतात. ही पिन म्हणजे या भांड्याची शिट्टी. ती वर असेपर्यंत झाकणाशी झटापट करायची नाही.

वाफ जिरवण्याचं शास्त्रही थोडं निराळं. गॅसवरचा कुकर दहाएक मिनिटांत पडतो. हे भांडं जाड आवरणाचं, त्यामुळे आपोआप पडायला वीस-पंचवीस मिनिटं घेतं आणि तेवढा वेळ आतलं शिजतच राहतं. वरण, पुरणाची डाळ, छोले यांना ते मानवतं. मोड आलेल्या मटकीचं मात्र पिठलं होईल. तिला दोन-तीन मिनिटं पुरतात आणि लगेच झडप उघडून वाफ सोडावी लागते. उलट भात, डाळ, खीर यांची वाफ घाईनं सोडली तर पिठूळ फेस झडपेतून कारंज्यासारखा उडतो. डाळी निम्म्यापेक्षा वर भरू नयेत, हा नियम त्यासाठीच. आणि वाफ सोडताना भांडं भिंतीवरच्या कपाटाखाली नको. प्लायवूड फुगतं.

वरण-भाताला आपली जुनी पद्धत इथेही चालते. तळाला दोन वाट्या पाणी, त्यावर जाळी, खालच्या भांड्यात भिजवलेली तूरडाळ, वरच्या भांड्यात तांदूळ नेहमीएवढ्या पाण्यात, दहा मिनिटं. थेट भांड्यात भात करायचा असेल तर मात्र धुतलेल्या तांदळाला जवळपास तेवढंच पाणी पुरतं. शिट्टीवाटे जी वाफ वाया जायची ती इथे आतच राहते. रस्सा पातळ होण्याचं कारणही हेच.

फोडणीबद्दल माझं मत ठाम आहे: ती गॅसवर, पळीत. या भांड्यांचा तळ बऱ्याचदा मध्ये किंचित फुगीर असतो. दोन चमचे तेल घातलं की ते कडेला पळतं, मध्ये उरलेली मोहरी कोरडी करपते आणि कडेची तडतडत नाही. शिवाय कांदा-मसाला तळाला चिकटला की पडद्यावर 'बर्न' उमटतं आणि यंत्र संप पुकारतं. परतायचंच असेल तर नंतर अर्धी वाटी पाणी घालून उलथन्यानं तळ खरवडून स्वच्छ करावा, मगच झाकण लावावं.

आमटीची चिंच-कोकमं डाळ शिजल्यावर घालायची, ही आजीची शिस्त यंत्रातही मोडू नये. आंबटपणानं डाळीतलं पेक्टिन घट्ट राहतं आणि मग मिनिटं वाढवूनही ती कचकचीतच लागते. राजम्याची गोष्ट त्याहून गंभीर. कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारं लेक्टिन असतं. दाबाखाली ते नष्ट होतं, पण 'स्लो कुक'च्या मंद आचेवर होत नाही. त्या बटणाला राजमा दाखवू नका.

मोदक, अळूवडी, कोथिंबीरवडी, इडली उकडताना झडप उघडी ठेवावी लागते. दाब धरला जात नाही म्हणून बऱ्याच भांड्यांत मिनिटं सरकतच नाहीत. तेव्हा वेळ आपल्या मोबाइलवर लावायची. आणि 'योगर्ट'चं बटण? आपल्या मे महिन्यात त्याचा काही उपयोग नाही. पण न्यू जर्सी किंवा टोरांटोच्या जानेवारीत विरजण लावणाऱ्या घरांत भांडं घेण्याचं खरं कारण बहुधा तेच असतं: उकळून ४३-४५ अंशांपर्यंत निवलेलं दूध, चमचाभर विरजण, रात्रभर. पाडव्याच्या श्रीखंडाचा चक्का त्यातूनच टांगता येतो.

तिकडच्या कुणी प्रेमानं ते भांडं इकडे आणलं तर मात्र प्लग लावण्याआधी खालची पट्टी वाचा. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं. आपल्या २३० व्होल्टवर ते जळेल, आणि हजार वॉटला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर त्याचं वजन भांड्याइतकंच. झाकणाच्या सिलिकॉन रिंगला हिंग-लसणाचा वास धरतो. दोन रिंगा ठेवाव्यात, एक तिखटाची, एक गोडाची. नाहीतर खिरीला मटणाचा वास येतो.

दिवाळीत चकल्या-करंज्यांना कढईच लागणार. या भांड्यात झाकण लावून तळण काढण्याचा प्रयोग कुणीही करू नये. तेल आणि दाब एकत्र आले की फार वाईट भाजतं. भाऊबीजेला पंगत मोठी असली की छोले, पुलाव, उकडलेले बटाटे त्यावर सोपवून गॅसच्या शेगड्या मोकळ्या ठेवाव्यात. माणसं दुप्पट झाली म्हणून छोल्यांची मिनिटं दुप्पट करायची नाहीत, ती तेवढीच राहतात. दाब धरायला वेळ जास्त लागतो तेवढाच, म्हणून पाहुणे एकला येणार असतील तर बटण साडेअकराला दाबलेलं बरं.