‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणण्याआधी

मणक्याला मार लागून माणूस आडवा झाला, की भेटायला माणसं लोटतात. नागपुरातलं मेडिकल असो की हुडकेश्वर रोडवरचा एखादा खासगी दवाखाना, बोलणी तीच. खाटेशी उभं राहून पेशंटला सांगायचं, ‘‘पॉझिटिव्ह राहा.’’ आणि जिना उतरताना एकमेकांत, ‘‘याच्यापेक्षा सुटला असता तर बरं झालं असतं.’’ संशोधकांनी या दोन्ही बोलण्यांमागच्या समजुती पारखल्या आहेत.

आधी जिन्यातलं बोलणं घेऊ. १९९४ साली अमेरिकेत आपत्कालीन विभागातल्या डॉक्टर, नर्स आणि तंत्रज्ञांना विचारलं गेलं : तुमच्या मज्जारज्जूला अशी गंभीर इजा झाली, तर जिवंत आहोत याचा आनंद वाटेल का? ‘हो’ म्हणणारे निघाले १८ टक्के. ज्यांना मानेजवळ इजा होऊन हातपाय दोन्ही अधू झाले होते, त्यांच्यात हेच प्रमाण ९२ टक्के होतं. आणि लक्षात घ्या, चुकीचा अंदाज बांधणारे हे लोक असे पेशंट प्रत्यक्ष हाताळणारे होते. तुम्ही-आम्ही तर पाहुणे.

अंदाज चुकतो, कारण आपण फक्त गेलेल्या पायांकडे बघतो. त्या माणसाच्या दिवसात चहा असणार, भावाशी प्लॉटवरून वाद असणार, पोरीचा दहावीचा निकाल असणार, हे आपल्या हिशेबात येतच नाही. शिवाय पहिल्या आठवड्याचा धक्का आपण पुढच्या वीस वर्षांवर पसरवून टाकतो.

आता खाटेजवळचा उपदेश. त्याच्या समर्थनार्थ १९७८ चा एक प्रसिद्ध अभ्यास हमखास सांगितला जातो. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेले २२ जण आणि अपघातात अर्धांग किंवा सर्वांग लुळं पडलेले २९ जण यांची तुलना केली. ‘काही काळाने दोघेही सारखेच सुखी’ असा त्याचा सारांश व्याख्यानांतून फिरतो. मूळ आकडे मात्र तसं म्हणत नाहीत. शून्य ते पाच या मापावर लॉटरीवाल्यांचं आजचं सुख ४, तुलनेसाठी घेतलेल्या सामान्य शेजाऱ्यांचं ३.८२ आणि अपघातग्रस्तांचं २.९६. म्हणजे मध्याच्या वर, पण कमीच. पुढच्या दिवसांच्या सुखाचा अंदाज विचारल्यावर मात्र अपघातग्रस्तांनी तिघांत सर्वांत जास्त गुण दिले, ४.३२. मला या अभ्यासातला हाच आकडा मोलाचा वाटतो, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

पुढे रिचर्ड लुकास यांनी २००७ मध्ये जर्मनी आणि ब्रिटनमधल्या, वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या माणसांची माहिती तपासली. अपंगत्वानंतर समाधान घसरतं आणि ते आपोआप पूर्ववत होत नाही, असं त्यात दिसलं. उलट मज्जारज्जूच्या इजेनंतर दोन वर्षं पेशंटांचा मागोवा घेणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वांत मोठा गट खोल नैराश्यात मुळी गेलाच नव्हता. ‘आधी कोसळायचं, मग उसळी घ्यायची’ हा सिनेमाचा साचा सगळ्यांना लागू नाही.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर ज्यांच्यावर सिनेमा निघाला ते मुरलीकांत पेटकर. पेठ इस्लामपूरकडचे, सैन्याच्या ईएमई शाखेतले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. पाण्यात ते उतरले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. जिद्द होतीच, तिला कोण नाही म्हणेल. पण जिद्दीला तरणतलाव मिळाला होता, हे सांगायचं राहून जातं.

पॅरालिम्पिक स्पर्धांचं मूळही इस्पितळातच आहे. डॉक्टर लुडविग गुटमान १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल इस्पितळात आले, तोवर मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक पेशंट शय्याव्रणं आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. गुटमान यांनी दर दोन तासांनी रात्रंदिवस पेशंटची कूस बदलायला लावली, मूत्राशयाची निगा काटेकोर केली. माणसं जगू लागली. धनुष्यबाणांची स्पर्धा त्यानंतर आली : २९ जुलै १९४८ रोजी, १६ खेळाडूंसह.

आधी निगा, मग खेळ, हा क्रम मोलाचा. इजा किती वर किंवा किती खोल, याचा समाधानाशी संबंध तसा क्षीण असतो, असं अभ्यासांत वारंवार दिसतं. काम आहे का, नाती टिकली का, घराबाहेर पडता येतं का, याचा जास्त. तेव्हा भेटायला जाणाऱ्याने उपदेशाऐवजी मोजपट्टी न्यावी. हुडकेश्वरच्या लेआउटांत पावसाच्या पाण्याच्या धास्तीने जोतं उंच बांधायची रीत आहे. फाटकापासून दारापर्यंत तीन-चार पायऱ्या ठरलेल्या. चाकाच्या खुर्चीला एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला २४ फूट. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर तो पुढच्या अंगणात सरळ मावत नाही. घराच्या बाजूने काढावा लागतो, किंवा मध्येच वळवावा लागतो. आणि वळणावर खुर्ची फिरेल अशी पाच फूट सपाट जागा सोडावी लागते. गवंड्याला हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तो मोटरसायकल चढवायचा घसरता उतार करून मोकळा होतो.