सरकारी वकील आपला नसतो

माण तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. हप्त्यांचं बोलणं चाललं होतं, तेवढ्यात एक मावशी हळूच म्हणाल्या, "पोराला पोलिसांनी नेलंय. मोठं कलम लावलंय. सरकारी वकील मिळंल का?"

या शब्दानं फार जणींची फसगत होते. कोर्टात ज्यांना सरकारी वकील म्हणतात, ते आरोपीच्या विरोधात खटला चालवतात. त्यांच्यापुढं घरची सगळी हकीकत सांगत बसू नका. आपल्याला हवा विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा न्यायालयात हे प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते. फोन १५१००.

१९८७ च्या कायद्यानं बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीत असलेल्या कुणालाही हा वकील मिळतो. उत्पन्न विचारत नाहीत. घरी दहा एकर ऊस असला तरी कोठडीतल्याचा हक्क जात नाही. या वकिलानं पैसे मागितले तर प्राधिकरणातच तक्रार करायची.

हे सगळं सहज मिळालेलं नाही. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की अटक झाल्याबरोबर पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावं, आणि बायकांना वेगळ्या कोठडीत, महिला पोलिसांच्या पहाऱ्यात ठेवावं.

पण पोलीस कळवतील म्हणून वाट बघू नका. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत माणसाला न्यायाधीशांपुढं उभं करावं लागतं. त्या दिवशी कोर्टात हजर राहा. पोलीस ठाण्याचं नाव, गुन्ह्याचा नंबर आणि कलमं चिठ्ठीवर लिहून न्या. आरोपीनं स्वतः न्यायाधीशांना "मला वकील नाही" एवढं म्हटलं तरी चालतं.

आणखी एक, तारखा मोजा. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, बाकीच्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामिनाचा हक्क येतो. काही खास कायद्यांत मुदत वेगळी असते, ती वकिलाला विचारा. हा जामीन आपोआप होत नाही. दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज करावा लागतो.

मावशींनी गंठण मोडायला काढलं होतं. ते पिशवीत ठेवून त्यांनी बैठकीतूनच फोन लावला.