भिंतीतला भुसा, हवेतला ओलावा

मध्य प्रदेशातल्या लोधीखेडा-सौंसरकडच्या जुन्या मातीच्या घरांत भिंत तडकू नये म्हणून मातीत भुसा कालवलेला असतो. अजिंठ्याच्या कारागिरांनीही तेच केलं. खडबडीत बेसॉल्टवर भुसा, गवत, तंतू मिसळलेली माती थापली, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि मग चित्रं रंगवली.

हाच भुसा किड्यांचं खाद्य. दमट हवेत कसर फोफावते आणि रंगाखालचा गिलावा पोखरते.

हवामानबदलाचा खरा धोका इथे आहे. तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढलं, की हवा सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस एकदम कोसळतो, मग लांब उघडीप पडते. माती फुगते, आकसते. रंगाचे पापुद्रे सुटतात.

याउलट, वेरूळच्या लेण्यांतल्या गिलाव्याला कीड फारशी लागली नाही. त्यात भांगेचे तंतू असल्याचं राजदेव सिंग आणि मिलिंद सरदेसाई यांनी 2016 मध्ये दाखवलं. हे तंतू ओलावा शोषतात, किड्यांनाही दूर ठेवतात. डागडुजी करणाऱ्यांसाठी हे ज्ञान फार मोलाचं आहे, कारण चुकीचा उपाय जखम वाढवतो. 1920च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी अजिंठ्याच्या चित्रांवर लाखेचा थर दिला. तो पुढे पिवळा पडला, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना तो जपून उतरवावा लागला.