उभं जंगल आणि प्राणवायूचा हिशेब

इटलीतल्या मिलानच्या ‘बोस्को व्हर्टिकाले’चे, म्हणजे ‘उभ्या जंगला’चे, फोटो मोबाइलवर फिरतात, तेव्हा खाली ठरलेली ओळ असते: दोन इमारती, दोन हेक्टर जंगल, शहराला भरपूर प्राणवायू! आपल्याकडच्या बिल्डरांच्या जाहिरातींतही आता हीच भाषा आहे. ती चुकीची आहे, आणि झाडं तोडण्यासाठी सबब म्हणून वापरली की घातकही.

हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो, मिलानमध्ये तेवढाच आणि माथेरानमध्येही तेवढाच. शहरात टंचाई प्राणवायूची नसते. धूळ आणि धूर जास्त असतात.

राहिला कार्बन. वास्तुरचनाकार स्टेफानो बोएरी यांच्या या इमारती 2014 मध्ये पूर्ण झाल्या. त्यांच्यावर सुमारे 800 झाडं आहेत. झाड कार्बन साठवतं ते लाकडात, म्हणजे वाढता वाढता. इथे वजन आणि वाऱ्यापायी त्याला मनासारखं वाढूच देत नाहीत, छाटत राहतात. शिवाय झाड आणि ओली माती पेलायला तीन मीटरहून अधिक बाहेर आलेले काँक्रीटचे भक्कम सज्जे लागतात. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे 8 टक्के आहे, असं चॅटम हाउस या ब्रिटिश संशोधन संस्थेचा 2018 चा अहवाल सांगतो. आणि सज्ज्यावरच्या मीटरभर मातीतून पाणी जमिनीत मुरत नाही. डोंगरावरचं जुनं झाड तोडून अठराव्या मजल्यावर रोप लावणं ही भरपाई नव्हेच!

खरा फायदा वेगळा आहे. पानांची सावली आणि पानांतून निघणारं बाष्प यांमुळे घर कमी तापतं, पानझडी झाडं थंडीत ऊन आत येऊ देतात, पक्षी घरटी करतात. एवढं पुरेसं आहे की!

झाडं वादळात पडतील? तशी झाडं आधी फ्लोरिडात कृत्रिम वाऱ्यात तपासली आणि मिलानची झाडं पोलादी तारांनी बांधली. रहिवासी पाणी घालतात? नाही, सिंचन सामायिक आहे आणि छाटणीला माळी गच्चीवरून दोराने उतरतात. घरातल्या कुंड्या हवा शुद्ध करतात? ड्रेक्सेल विद्यापीठाच्या 2019 च्या आढाव्यानुसार, इमारतीत एरवी खेळणाऱ्या हवेइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1,000 रोपं लागतील.

एकदा लावली की झाडं आपली वाढतात, असंही समजू नका. चीनच्या चेंगदूतल्या 826 घरांच्या अशाच संकुलात 2020 पर्यंत मोजकीच कुटुंबं राहायला आली. झाडोरा सज्ज्यांवर माजला आणि डासही.

तेव्हा अशी जाहिरात दिसली, तर माती किती खोल, पाणी कुठलं आणि देखभालीचा खर्च कोणाच्या माथी, हे बुकिंगआधी लेखी विचारा.