जेरुसलेमला जाण्याआधीचं गहाणखत

१२ एप्रिल १०९६ रोजी फ्रान्समधल्या क्लुनीच्या मठात एक गहाणखत झालं. लिहून देणारा आशार, सोन नदीकाठच्या माँमेर्लच्या गढीचा सरदार. लिहून घेणारे मठाधिपती ह्यूग आणि त्यांचे साधू. रक्कम लियाँच्या चलनात २,००० सोलिदी आणि वर चार खेचरं. पैसे कशासाठी हवेत तेही दस्तातच आलं आहे: ख्रिस्ती लोकांचा मोठा जमाव जेरुसलेमला लढायला निघाला आहे, आशारलाही त्यांच्याबरोबर शस्त्रानिशी जायचं आहे.

क्लुनीचे असे हजारो दस्त ओग्युस्त बर्नार आणि अलेक्सांद्र ब्रुएल यांनी १८७६ ते १९०३ या काळात सहा जाडजूड खंडांत छापले. लॅटिन कोश शेजारी ठेवून मी ते सावकाश वाचतो. आधी लिहून देणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, गाव, मग मिळकत आणि रक्कम, मग अटी, शेवटी साक्षीदार. जुनी मराठी गहाणखतं ज्याने हाताळली आहेत, त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. पहिल्या वाचनात दस्त कोरडा वाटतो. दुसऱ्यांदा अटींवर थांबलं की माणसं दिसायला लागतात.

पहिल्या धर्मयुद्धाबद्दल आपण सहसा वाचतो ते पोप दुसरा अर्बन याचं क्लेरमाँचं भाषण. २७ नोव्हेंबर १०९५ चं हे भाषण प्रसिद्ध असलं, तरी त्याचे जे पाठ हाती आहेत ते सगळे नंतर, जेरुसलेम जिंकल्यावर लिहिलेले. लिहिणाऱ्यांना शेवट माहीत होता. गहाणखताचं तसं नाही. ते लिहिलं गेलं तेव्हा आशार कुठवर पोचेल, परत येईल की नाही, हे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि साधूंनाही. म्हणून निघताना त्या माणसाच्या मनात काय होतं, याचा पुरावा म्हणून मी भाषणापेक्षा दस्ताला जास्त मानतो.

आता अटी पाहू. मिळकत वडिलोपार्जित. ती सोडवायचा हक्क एकट्या आशारचा. इतर कुणालाही, अगदी नातेवाइकांनाही, पैसे भरून ती सोडवता येणार नाही. जेरुसलेमच्या यात्रेत तो मेला किंवा तिकडेच राहायचं त्याने ठरवलं, तर गहाण संपलं. मिळकत कायमची, वारसाहक्काने मिळाल्यासारखी मठाची. मठाने रोख मोजली ती असं कलम पदरात पाडून घेऊनच. सरदार परतला तर मुद्दल परत, न परतला तर जमीन. शिवाय असल्या व्यवहारांत तारण सहसा सावकाराच्या ताब्यात असे, उत्पन्न तोच खाई आणि ते मुद्दलातून वजा होत नसे. यात व्याज लपलेलं आहे हे चर्चलाही कळत होतं. पुढे ११६३ साली तूरच्या धर्मपरिषदेत तिसरा अलेक्झांडर या पोपने धर्मगुरूंना अशी गहाणं घ्यायला मनाई केली.

आणि ती चार खेचरं. एका सोलिदीचे बारा दनिये, म्हणजे २,००० सोलिदींची २४,००० नाणी. एक नाणं ग्रॅमभर धरलं तरी चोवीस किलोचं ओझं होतं. त्यात चिलखत, हत्यारं, तंबू, धान्य मिळवा. हे सगळं वाहून न्यायला जनावर लागणारच. शिवाय त्या वर्षी जो तो जमीन विकायला किंवा गहाण टाकायला निघालेला, त्यामुळे रोख रक्कम आणि ओझ्याची जनावरं दोन्ही दुर्मीळ. ती होती मठांकडे आणि बिशपांकडे.

शार्त्रच्या सेंट पेर मठाच्या दस्तांत निव्हेलो नावाचा दुसरा सरदार भेटतो. त्याने काही गहाण ठेवलं नाही, एक जुलूम सोडला. मठाच्या ताब्यातल्या एका गावावर तो आपले घोडेस्वार घेऊन तुटून पडायचा आणि रयतेचं धान्य-सामान आपल्या माणसांच्या पोटात घालायचा. दस्तात हे सगळं त्याच्याच तोंडी कबुलीसारखं घातलं आहे, आणि लिहिणारे अर्थातच मठाचे साधू. जुलूम थांबवण्याचं वचन देऊन त्याने जेरुसलेमच्या वाटखर्चाला दहा पौंड घेतले. बहिणीला तीन पौंड मिळाले, भावाला चाळीस सोलिदी. नातेवाइकांची ही संमती कळीची होती. सरदार परमुलखात मेला आणि मागे भावाने दावा ठोकला, तर मठ कोर्टकज्जात अडकला असता. म्हणून सगळ्यांचे हात आधीच ओले करून घेतलेले.

पश्चात्ताप खरा होता का? होता, असं मला ठामपणे वाटतं. क्लेरमाँच्या परिषदेचा ठरावच होता, की मानासाठी किंवा पैशासाठी नव्हे, केवळ भक्तीने जो जेरुसलेम मुक्त करायला जाईल, त्याची ही यात्रा त्याचं सगळं प्रायश्चित्त मानली जाईल. आयुष्यभर तलवारीवर जगलेल्या माणसाला तलवार खाली न ठेवता पापमुक्तीची वाट मिळाली. धाकटी, भूमिहीन पोरं लुटीसाठी पूर्वेला गेली, ही समजूत या दस्तांपुढे टिकत नाही. सरदार म्हणून शस्त्रानिशी जायचं, तर गहाण टाकायला किंवा विकायला सहसा काहीतरी हाताशी असावं लागे. नॉर्मंडीच्या ड्यूक रॉबर्टने तर अख्खी डची १०,००० मार्कांना आपल्या भावाकडे, इंग्लंडच्या राजाकडे गहाण ठेवली. मोहिमेचा आणखी एक नेता गॉडफ्री, त्याने बुइयाँचा किल्ला लिएजच्या बिशपला दिला आणि ती रक्कम उभी करायला बिशपने चर्चमधलं सोनं-चांदी उतरवलं. किल्ला परत सोडवायला गॉडफ्री आलाच नाही. ११०० साली जेरुसलेममध्ये त्याचा मृत्यू झाला.

धर्मगुरू नुसते पैसे मोजून मागे राहिले असंही नाही. ल प्युईचा बिशप आदेमार पोपचा प्रतिनिधी म्हणून सैन्याबरोबर गेला आणि १०९८ च्या ऑगस्टमध्ये अँटिऑकला वारला. शार्त्रच्या फुल्शेरसारख्या पुरोहितांनी मोहिमेची हकिकत लिहून ठेवली. मोहिमेवर गेलेल्या काउंट स्टीफनने अँटिऑकच्या वेढ्यातून बायकोला पाठवलेलं पत्रसुद्धा त्याच्या पुरोहिताच्या हातचं.

आशार जवळजवळ पोचला होता. जून १०९९ मध्ये जेनोआची गलबतं याफाच्या बंदरात लागली. जेरुसलेमला वेढा घालून बसलेल्या सैन्याला वेढ्याचे मनोरे उभारायला सामान हवं होतं. गलबतांना संरक्षण द्यायला निघालेल्या तुकडीत आशार होता. वाटेत चकमक झाली आणि तो मारला गेला. १५ जुलैला शहर पडलं. क्लुनीत लिहिलेल्या कलमानुसार आशारची ती मिळकत मठाच्या हक्काची ठरली.

पण दस्त वाचताना त्यात काय नाही, तेही पाहावं लागतं. गहाणखत झालं त्याच वर्षी, मे महिन्यात, जर्मनीतल्या वर्म्स आणि माइन्झमध्ये धर्मयुद्धाला निघालेल्या काउंट एमिकोच्या आणि इतर टोळ्यांनी ज्यूंची कत्तल केली. आसऱ्यासाठी बिशपांच्या वाड्यांत शिरलेली कुटुंबंही वाचली नाहीत. कोलोन आणि माइन्झच्या ज्यूंनी गॉडफ्रीला प्रत्येकी पाचशे मार्क देऊन जीव वाचवायची धडपड केली, असं हिब्रू वृत्तान्त सांगतो. या पैशाला ना तारण, ना परतफेडीची मुदत. आणि जेरुसलेममध्ये मारल्या गेलेल्या मुसलमान आणि ज्यू रहिवाशांची नोंद क्लुनीच्या कुठल्या दस्तात असणार?

साधू, सरदार, भाऊबंद, साक्षीदार, सगळ्यांचा हिशेब चोख झाला होता. ज्यांच्या जिवावर ही यात्रा उठणार होती, ते मात्र करारात पक्षकार नव्हते. आशारची श्रद्धा खोटी असती तर निकाल देणं सोपं गेलं असतं. ती खरी होती आणि तिच्यापायी माणसं मारली गेली. माझ्या मते धर्मयुद्धाचा दोष इथेच आहे. म्हणून कुठल्याही काळातल्या धर्मयुद्धाचं भाषण कानावर आलं, तर त्यामागचा दस्त शोधावा. पैसा कोणी दिला, तारण काय घेतलं, माणूस परतला नाही तर फायदा कोणाचा आणि कागदावर नावच नसलेले लोक कोणते, हे विचारल्याशिवाय त्या भाषणावर विश्वास ठेवू नये.