पत्री सरकार: ना पत्र्या ठोकल्या, ना देश तोडला

बरडचा मुक्काम हलवून माउलींची पालखी धर्मपुरीला आली, की सातारा जिल्हा निरोप देतो आणि सोलापूर जिल्हा सामोरा येतो. मुक्काम नातेपुत्यात. दरवर्षी हा सोहळा पाहून आपल्याकडे एक समज घट्ट बसला आहे: शिवेपलीकडचा सातारा वेगळा, आणि १९४३ मध्ये इंग्रजी राज्याला समांतर उभं राहिलेलं नाना पाटलांचं पत्री सरकार ही 'तिकडची' गोष्ट.

पण नातेपुते ज्यात येतं तो आपला माळशिरस तालुका सोलापूरला जोडला गेला १८७५ साली, आणि तोही सातारा जिल्ह्यातूनच. १९४३ साली आपण सोलापूर जिल्ह्यात होतो आणि चळवळीचा खरा जोर कृष्णाकाठी होता, हे मान्य. मात्र तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सातारा नव्हे. वाळवा, तासगाव त्यातच होते, आणि शेजारचं कुंडल औंध संस्थानात. सांगलीचा भाग निराळा झाला तो १९४९ मध्ये. 'साताऱ्याचं सरकार' चालवणारे बरेच लोक आजच्या हिशेबाने सांगलीकर भरतील.

सगळ्यात चिवट गैरसमज नावाचा. बैलाच्या खुराला नालबंद पत्री ठोकतो, तशी पत्री हे लोक माणसाच्या पायाला ठोकत, असं आजही पारावर ऐकायला मिळतं. मूळ शब्द प्रतिसरकार. शिक्षा होती ती माणसाला बांधून तळव्यांवर काठ्या मारण्याची. मार खाल्लेला माणूस नव्याने पत्री मारलेल्या बैलासारखा चालू लागे, म्हणून लोकांच्या जिभेवर 'प्रति'चं 'पत्री' सहज झालं. इंग्रजांच्या बाजूच्यांना हे नाव सोयीचंच होतं, आणि चळवळीलाही धाक हवा होता. मग खुलासा करणार कोण? काठीचा मारही काही सौम्य नव्हे. त्याविरुद्ध अपील नव्हतं, वकील नव्हता. आजच्या न्यायाच्या कसोटीवर ती शिक्षा टिकणार नाही, हे त्यांचा अभिमान बाळगूनही म्हणता येतं.

दुसरा समज शिकलेल्या लोकांचा: साताऱ्याने भारतापासून, निदान इंग्रजी राज्यापासून, फुटून वेगळं राज्य जाहीर केलं. तसं काही झालं नाही. १९३३ च्या माँटेव्हिडिओ करारात राज्य कशाला म्हणावं याच्या चार खुणा दिल्या आहेत: कायमची लोकवस्ती, ठरलेली हद्द, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. प्रतिसरकारकडे माणसं होती, कारभार होता. हद्द त्यांनी आखली नाही आणि परराष्ट्र संबंधांचा विचारही केला नाही, कारण राज्य म्हणून मान्यता त्यांना नकोच होती. उत्तर सायप्रस १९८३ पासून मान्यतेसाठी झगडतो आहे आणि तुर्कस्तानखेरीज कुणी ती देत नाही. साताऱ्याचा जीव त्यात अडकलेला नव्हता. ही 'छोडो भारत'ची शाखा होती आणि मागणी एकच, अख्ख्या देशाच्या स्वातंत्र्याची. बंगालात तमलुकला डिसेंबर १९४२ मध्ये उभं राहिलेलं ताम्रलिप्त जातीय सरकार याच जातकुळीचं.

याच्या बरोबर उलट उदाहरण प्रतिसरकार उभं राहिलं त्याच वर्षीचं आहे. २१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात नेताजींनी आझाद हिंद सरकार स्थापलं. त्याला जपान, जर्मनी, इटलीची मान्यता मिळाली, पण पायाखाली स्वतःच्या ताब्यातली जमीन जवळजवळ नव्हती. साताऱ्याच्या प्रतिसरकारला जगात कुणी ओळखत नव्हतं. वाळव्यातला शेतकरी मात्र बांधाचं भांडण मामलेदाराकडे न नेता त्यांच्याकडे नेत होता.

मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. गावोगाव समित्या, न्यायदान मंडळं, सावकाराच्या पाशाला आळा, दारूबंदी, दरोडेखोरांचा बंदोबस्त, हुंडा आणि मानपान टाळून थोडक्या खर्चात 'गांधी लग्नं'. नाना पाटील स्वतः तलाठी होते. १९३० मध्ये नोकरी सोडून ते चळवळीत आले. सरकार गावात कुठून शिरतं, हे तलाठ्याइतकं कोणाला ठाऊक असणार!

पण हे एकट्या नानांचं काम नव्हतं. किसन वीर, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, सुरुवातीच्या काळात यशवंतराव चव्हाण अशी कितीतरी माणसं त्यात होती. लढाऊ बाजू सांभाळायला तुफान सेना होती. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेच्या पगाराची गाडी लुटली, १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना. त्यातून साडेपाच लाखांच्या आसपास रक्कम हाती आली. त्याआधी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार होऊन परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण पडले होते. कचेरीवर चालून जाण्यापेक्षा कचेरीच निरुपयोगी करावी, हे शहाणपण असल्या अनुभवांतून आलं.

आपल्या जिल्ह्यातली १९३० ची सोलापूरची हकिकतही कधीकधी यातच मिसळली जाते. ती वेगळी. ८ मेच्या गोळीबारानंतर पोलीस शहरातून हटले आणि काही दिवस स्वयंसेवकांनी व्यवस्था पाहिली. १२ मे पासून लष्करी कायदा लागला. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. सोलापुरात सत्ता गेल्याची पोकळी लोकांनी भरून काढली. कृष्णाकाठी इंग्रजांचे पोलीस गावात असतानाच त्यांच्या नाकावर टिच्चून दुसरा कारभार चालला, तोही सुमारे तीन वर्षं.

आणि तो इंग्रजांनी मोडून काढला, हाही समज चुकीचाच. नाना पाटील भूमिगत असताना पोलिसांच्या हाती कधीच लागले नाहीत. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ पुन्हा आलं, तेव्हा ते उघडपणे लोकांसमोर आले आणि प्रतिसरकारचा कारभार आवरला गेला. पुढे नाना काँग्रेसमध्ये रमले नाहीत. शेतकरी कामगार पक्षातून ते कम्युनिस्ट पक्षात गेले, आणि १९५७ ला साताऱ्यातून, १९६७ ला बीडमधून निवडून येऊन लोकसभेत विरोधी बाकांवर बसले.