हिवाळ्यातील रोतेम्बुरो

रोतेम्बुरो हे जपानमधील उघड्यावरच्या उष्णोदक-स्नानकुंडाचे नाव आहे. बहुधा नैसर्गिक गरम झऱ्याच्या पाण्यावर चालणारी ही कुंडे वर्षभर वापरात असतात. तथापि हिवाळ्यातील, विशेषतः बर्फवृष्टीच्या काळातील स्नानाला तेथे वेगळेच महत्त्व आहे. भोवताली बर्फ साचलेला, हवेचे तापमान शून्याखाली आणि कुंडातील पाणी साधारण ४० ते ४२ अंश सेल्सियस, अशा स्थितीत पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या माणसाला थंडी फारशी जाणवत नाही. ती गाठते कपडे उतरवल्यापासून पाण्यात शिरेपर्यंत आणि पाण्यातून निघाल्यापासून अंग कोरडे होईपर्यंत. रोतेम्बुरोच्या स्नानातील अनेक रूढी वरवर पाहता शिष्टाचार वाटल्या, तरी त्या या दोन अवधींत शरीराची ऊब राखण्याच्या गरजेशी निगडित आहेत.

नाव आणि स्वरूप

'रोतेन' म्हणजे उघडे आकाश आणि 'फुरो' म्हणजे स्नान किंवा स्नानाचे टाके. दोन शब्द जोडताना 'फु'चा 'बु' होतो. मराठी वाचकाला हा प्रकार संधीसारखा वाटेल. 'रोतेन' हा शब्द ज्या दोन चिन्हांनी लिहितात, त्यांचा मूळ अर्थ 'दव' आणि 'आकाश' असा आहे. छपराखालच्या स्नानगृहाला 'उचियू' म्हणतात. बहुतेक स्नानस्थळी उचियू आणि रोतेम्बुरो शेजारी शेजारी असतात. बर्फ पाहत केलेल्या स्नानाला 'युकीमीबुरो' असे स्वतंत्र नाव आहे.

रोतेम्बुरो आणि ओनसेन हे शब्द समानार्थी नाहीत. ओनसेन म्हणजे उष्ण झरा. जपानमध्ये १९४८ च्या ओनसेन कायद्याने त्याची व्याख्या केली असून, उगमापाशी किमान २५ अंश सेल्सियस तापमान असलेले अथवा ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा घटक विहित प्रमाणात असलेले पाणी त्या व्याख्येत बसते. म्हणजे कायद्याने ओनसेन ठरलेले पाणी प्रत्यक्षात कोमट किंवा थंडही असू शकते आणि ते तापवून वापरावे लागते. उलट, साधे पाणी तापवून भरलेले उघडे कुंडही रोतेम्बुरोच होय.

आकिता प्रांतातील न्यूतो ओनसेन हा डोंगराळ परिसर हिवाळी रोतेम्बुरोसाठी प्रसिद्ध आहे. तेथील त्सुरुनोयू या जुन्या स्नानस्थळाचे पाणी दुधासारखे पांढरे आहे. नागानो प्रांतातील जिगोकुदानी येथे सुमारे ८५० मीटर उंचीवर जपानी माकडे गरम पाण्यात बसलेली दिसतात. १९६० च्या दशकात ही माकडे माणसांच्या रोतेम्बुरोत उतरू लागली, तेव्हा स्वच्छतेच्या दृष्टीने त्यांच्यासाठी वेगळे कुंड बांधण्यात आले. क्योतो विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हिवाळ्यात स्नान करणाऱ्या माद्यांमध्ये ताणाशी संबंधित संप्रेरकाचे प्रमाण कमी झाल्याचे नोंदवले आहे.

थंडी का वाजते

पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक आहे. त्यामुळे ४१ अंशांच्या पाण्यात शरीराला भराभर उष्णता मिळते. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त पृष्ठभागाकडे धावते. पाण्यात बुडालेल्या अंगावरचा घाम वाळू शकत नाही, म्हणून शरीराला थंड होण्याचा नेहमीचा मार्गही बंद असतो; डोके आणि खांदे तेवढे हवेत उरतात.

बाहेर पडताच चित्र उलटते. रुंदावलेल्या रक्तवाहिन्या काही काळ तशाच राहतात आणि आतली ऊब त्वचेवाटे हवेत जाऊ लागते. त्यात अंग ओले असते, आणि खरा तोटा येथेच होतो. त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता लागते. अंगावरचे १०० ग्रॅम पाणी वाळू दिले आणि त्यासाठी लागणारी सगळी उष्णता शरीरानेच पुरवली असे मानले, तर ६० किलो वजनाच्या माणसाचे सरासरी तापमान एका अंशाहून थोडे अधिक उतरेल. प्रत्यक्षात काही उष्णता हवेतून येते आणि काही पाणी निथळून जाते, त्यामुळे घट इतकी होत नाही. पण ओल्या अंगाने दोन-चार मिनिटे रेंगाळल्यास काय होते याची कल्पना या हिशेबावरून येते. वारा असल्यास बाष्पीभवन आणखी वेगाने होते. थंडीच्या पहाटे न्हाणीघरात तांब्या-तांब्याने पाणी घेणाऱ्याला दोन तांब्यांच्या मधल्या क्षणी जी शिरशिरी येते, तिचे कारण हेच.

कुंडातले पाणीही याच रीतीने निवते. हिवाळ्यात पृष्ठभागावरून उठणारी दाट वाफ दिसायला सुंदर असली, तरी ती कुंडातून निघून जाणाऱ्या उष्णतेची खूण आहे. ज्या कुंडांत झऱ्याचे पाणी एकीकडून सतत येते आणि दुसरीकडून वाहून जाते, त्यांत पाणी येण्याच्या मुखापाशी, म्हणजे 'युगुची'जवळ, पाणी कढत आणि दूरच्या टोकाला कोमट असते. गुन्मा प्रांतातील कुसात्सू येथे झऱ्याचे पाणी इतके तप्त आहे की त्यात थंड पाणी न मिसळता ते निववण्यासाठी लांब लाकडी फळ्यांनी घुसळण्याची 'युमोमी' ही प्रथा रूढ झाली.

पाण्यात उतरण्यापूर्वी

स्नानकुंडात शिरण्यापूर्वी अंग स्वच्छ धुणे बंधनकारक असते, कारण कुंडातील पाणी सर्वांचे असते आणि त्यात साबण चालत नाही. हे धुणे बहुधा उचियूत, उबदार जागी होते. हिवाळ्यात जाणकार मंडळी थेट बाहेर न जाता प्रथम आतल्या कुंडात काही मिनिटे बसतात आणि अंग तापल्यावर रोतेम्बुरोकडे वळतात. मधली वाट दहा-वीस पावलांचीच असते, पण तापलेले अंग ती सहज निभावून नेते.

कुंडाच्या काठावर लाकडी डबक्याने अंगावर गरम पाणी घेण्याला 'काकेयू' म्हणतात. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी पावले, मग पोटऱ्या व मांड्या, हात, आणि शेवटी खांदे व छाती. हृदयापासून दूरच्या अवयवांकडून जवळच्या अवयवांकडे जाण्याच्या या क्रमामुळे शरीराला उष्णतेची सवय हळूहळू होते. बाहेर काकडल्यावर कधी एकदा पाण्यात उडी घेतो असे होणे स्वाभाविक आहे. नेमक्या त्याच वेळी काकेयू टाळली जाते आणि नेमकी त्याच वेळी ती सर्वाधिक आवश्यक असते. काठावरचे दगड बर्फाने निसरडे झालेले असतात, हेही घाई न करण्याचे एक कारण.

पाण्यात असताना

अंग पुसण्याचा लहान पंचा, ज्याला 'तेनुगुई' म्हणतात, पाण्यात बुडवायचा नसतो. तो घडी करून डोक्यावर ठेवण्याची पद्धत आहे. उन्हाळ्यात किंवा छपराखाली तो थंड पाण्यात पिळून ठेवल्यास 'नोबोसे', म्हणजे उष्णता डोक्यात चढून येणारी भोवळ, कमी होते. हिवाळ्यात उघड्यावर मात्र तो गरम पाण्यात पिळून ठेवणे इष्ट, कारण तेव्हा डोके गार हवेत आणि उरलेले शरीर तप्त पाण्यात असते. बर्फ पडत असल्यास काही ठिकाणी बांबूची किंवा गवताची रुंद टोपीही ठेवलेली असते.

खांदे उघडे पडले की थंडी जाणवते, म्हणून खोल भागात किंवा युगुचीजवळ सरकून बसण्याकडे कल असतो. पाणी फार कढत असेल तर कमरेइतके बाहेर येऊन काठावर बसतात आणि पुन्हा उतरतात. अशा छोट्या फेऱ्या एकाच दीर्घ बैठकीपेक्षा शरीराला मानवतात. पाण्यात बसून साके पिण्याचे चित्र जाहिरातींतून लोकप्रिय झाले असले, तरी मद्यामुळे रक्तवाहिन्या अधिक रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि धोक्याचे भानही मंदावते. पाण्यात घाम येतो, परंतु तो जाणवत नाही. म्हणून स्नानाच्या आधी व नंतर पाणी पिणे आवश्यक असते.

युझामे

स्नानानंतर अंग निवून भरणाऱ्या हुडहुडीला जपानी भाषेत 'युझामे' असा खास शब्द आहे. 'यू' म्हणजे ऊन पाणी आणि 'सामे' म्हणजे निवणे. युझामे टाळणे हा हिवाळी स्नानातील सर्वांत महत्त्वाचा भाग होय, आणि नवखा माणूस चुकतो तोही येथेच. अंग आतून तापलेले असल्याने बाहेर पडल्यावर पहिला मिनिटभर थंडी वाजतच नाही. या फसव्या सुखात ओल्या अंगाने तो बर्फ पाहत उभा राहतो.

रूढ रीत अशी: कुंडातून निघताच पिळलेल्या पंच्याने अंगावरचे पाणी निपटून काढायचे, पुन्हा आतल्या कुंडात थोडे बसायचे आणि मगच कपडे बदलण्याच्या खोलीत जायचे. खोलीत शिरण्याआधी अंग पुसले म्हणजे तेथील जमीनही कोरडी राहते. केस सर्वांत जास्त पाणी धरून ठेवतात, म्हणून लांब केस पाण्यात न भिजवता वर बांधतात आणि भिजल्यास लगेच वाळवतात. त्यानंतर सुती युकाता, तिच्यावर कापूस भरलेला 'हांतेन' किंवा 'तानझेन' हा जाड झगा आणि पायांत मोजे. पावलांना विसरून चालत नाही.

पाण्याच्या प्रकाराचाही येथे संबंध येतो. मिठाचे प्रमाण अधिक असलेल्या झऱ्यांना 'उष्णतेचे पाणी' म्हणण्याची प्रथा आहे. त्वचेवर राहणाऱ्या क्षारांच्या पातळ थरामुळे बाष्पीभवन मंदावते आणि ऊब अधिक वेळ टिकते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. अशा पाण्यातील स्नानानंतर अंगावर साधे पाणी घेत नाहीत. तीव्र आम्लधर्मी पाण्याच्या बाबतीत मात्र नाजूक त्वचेच्या व्यक्तींनी अंग धुऊन घेणे हितावह असते.

आरोग्यविषयक धोके

थंडी वाजणे ही गैरसोय आहे. खरा धोका रक्तदाबातील चढउताराचा आहे. उबदार खोलीतून गार जागेत जाऊन कपडे उतरवले की रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यानंतर गरम पाण्यात शिरल्यावर त्या रुंदावतात आणि तो घसरतो. पाण्याचा दाब शरीरावर असेपर्यंत रक्त छातीकडे ढकललेले राहते. एकदम उभे राहिल्यावर हा आधार नाहीसा होतो, मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर उणावतो आणि घेरी येते. पाण्यातच शुद्ध हरपली तर बुडून मृत्यू ओढवू शकतो. जपानमध्ये या प्रकाराला 'हीट शॉक' या इंग्रजी शब्दांवरूनच घेतलेले नाव रूढ आहे.

तोक्योतील ज्येष्ठांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेच्या अंदाजानुसार २०११ या एका वर्षात जपानमध्ये स्नानाशी संबंधित सुमारे १७,००० मृत्यू झाले. त्या वर्षी रस्ते अपघातांत मरण पावलेल्यांच्या तिपटीहून ही संख्या अधिक आहे. मृतांमध्ये वृद्धांचे प्रमाण मोठे असते आणि अशा घटना हिवाळ्यात वाढतात. यांतील बहुतेक मृत्यू घरातील स्नानगृहांत होतात. परंतु शरीरात घडणारी क्रिया तीच असल्याने आणि रोतेम्बुरोत तापमानातील तफावत घरापेक्षा कितीतरी मोठी असल्याने हा इशारा तेथेही तितकाच लागू पडतो. पाण्याचे तापमान ४१ अंशांपर्यंत आणि पाण्यातील वेळ १० मिनिटांपर्यंत मर्यादित ठेवणे, जेवणानंतर लगेच किंवा मद्यपानानंतर स्नान न करणे, सावकाश उठणे आणि सोबतच्यांना सांगून जाणे, असा सल्ला तेथील शासन देते. अनेक रोतेम्बुरोंचे पाणी ४१ अंशांहून गरम असते, हे लक्षात घेता हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी, तसेच ज्येष्ठांनी, कोमट कुंड निवडणे आणि एकटे न जाणे श्रेयस्कर.

इतर देशांत

आइसलँडमध्ये सार्वजनिक जलतरण तलावांलगत भूगर्भीय उष्णतेवर तापवलेली लहान उघडी कुंडे असतात. त्यांचे तापमान फलकावर लिहिलेले असते, त्यामुळे आपल्याला मानवेल ते कुंड निवडता येते. हिमाचल प्रदेशात मनालीजवळील वसिष्ठ येथे देवळालगतच्या उघड्या टाक्यांत लोक ऐन हिवाळ्यातही स्नान करतात. कोकणात उष्ण झऱ्यांना 'उन्हाळे' म्हणतात आणि राजापूरजवळच्या अशा झऱ्यावरून गावालाच ते नाव पडले आहे. मात्र तेथील हिवाळा सौम्य असल्याने वरील अडचणी फारशा येत नाहीत.

अमेरिकेत १९६० च्या दशकापासून कॅलिफोर्नियात लाकडी पिंपांपासून घडवलेली अंगणातील गरम पाण्याची टाकी लोकप्रिय झाली. त्यांच्या आजच्या स्वरूपात पंप, विजेवर चालणारी तापकयंत्रणा आणि उष्णतारोधक झाकण असते. तेथील ग्राहक-सुरक्षा आयोगाने अशा टाक्यांतील पाण्यासाठी ४० अंश सेल्सियस ही कमाल मर्यादा सुचवली आहे. वापर नसताना झाकण घट्ट लावून ठेवल्यास बाष्पीभवन थांबते आणि टाकी बर्फातही फारशी निवत नाही. टाकी घराच्या दारापासून थोड्याच अंतरावर ठेवणे आणि कोरडा पंचा व पायताण हाताशी पण वाफेपासून दूर ठेवणे, ही काळजी मात्र तेथेही घ्यावी लागते, कारण भिजलेला पंचा गोठणबिंदूखालच्या हवेत काही वेळातच ताठ होतो.